खेळतं

चियातुराची दरी इतकी अरुंद
की ऊन उशिरा येतं आणि घाईनं जातं.
तेवढ्या उन्हात बाद्री मला घेऊन उतरला
त्सिसानाच्या बेकरीत.
मी बँकेनं पाठवलेली तपासनीस,
जॉर्जियन येत नाही, आकडे येतात.

अर्जाचा पहिला रकाना : भांडवल.
"किती?" बाद्रीनं विचारलं.
तिनं हात पुसले.
"कुठलं?"

आधी भट्टी दाखवली.
जमिनीत पुरलेला मोठा रांजणच, आत निखारे,
सासऱ्यानं रचलेला.
बाद्रीनं लिहिलं, स्थिर मालमत्ता.
मग खोडलं.
उचलायला गेलं तर फुटते ती.
जे जप्त करता येत नाही ते तारण नाही,
आणि तारण नाही ते
अर्जाच्या लेखी नाहीच.

मग तिचे हात, कोपरापर्यंत डागलेले.
कंबरेतून अर्धं अंग आत झोकायचं,
होडीसारखा लांबट पाव भिंतीवर थापायचा,
केस होरपळायच्या आत वर यायचं.
एवढं शिकायला चार वर्षं.
त्याला रकाना होता, 'अनुभव'.
बाद्रीनं भरलं : एकतीस.
घसारा कुठे धरायचा ते मी विचारलं नाही,
ती गुडघा दाबत उठली तेव्हा
मनातल्या मनात धरला.

मग फडक्याखालचं पातेलं.
पुरिसदेदा, बाद्री म्हणाला, पावाची आई.
कालच्या पिठाचं आंबवण,
रोज त्यातलं काढायचं,
रोज पीठ-पाणी घालून होतं तेवढं करून ठेवायचं.
मुद्दलाला हात लावू नये, वाढेल तेवढंच खावं,
हे मला कॉलेजात तीन पेपरांत शिकवलं होतं.
"याचा बाजारभाव?"
"शेजारणीनं मागितलं तर वाटीभर देते."
"केवढ्याला?"
ती त्याच्याकडे बघत राहिली.
बाद्रीनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

उधारीची वही तेलकट.
पगार झाला की खाणवाले देतात.
एक नाव खोडलेलं : तो वारला,
बहिणीनं अक्रोड देऊन फेडलं.
किती अक्रोड तेही लिहिलंय.

आमच्याकडे, मी म्हटलं,
पीठ आणतो, पाव विकतो, पुन्हा पीठ आणतो
त्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात.
बाद्रीनं उलथवून सांगितलं.
त्सिसाना पहिल्यांदा हसली.
"खेळतं होय? मग दमलंय माझं.
पीठ महागल्यापासून कोपऱ्यात बसून आहे."

बाद्री मनानं चांगला. आवाज खाली आणून म्हणाला,
"शेवटी जागा आहे, 'विशेष परिस्थिती'.
मुर्मानकाका खाणीत गेले ते लिहा ना.
समिती विरघळते."
भिंतीवर मुर्मानचा फोटो,
काचेवर पिठाची साय.

"तो कर्जासाठी मेला नाही," ती म्हणाली,
आणि निखारे ढवळायला वळली.

लहानपणी मी पडले की लंगडायचे
जरुरीपेक्षा दोन दिवस जास्त.
आई म्हणायची, पुरे, दुखण्याचं भांडवल करू नकोस.
पुढे तोच शब्द ताळेबंदात भेटला,
इस्त्री केलेले कपडे घालून,
आणि मी त्याला ओळख दिली नाही.

रकाना कोरा राहिला.
अहवालात त्याच्यापुढे काय लिहू?
निरंक म्हणजे शून्य.
हे शून्य नव्हतं.

निघताना दोन पाव घेतले, रोख.
आम्ही पाळण्यात चढणार,
तर ती मागून धापा टाकत आली, अंगावर तसाच ॲप्रन.
वीस तेत्री परत द्यायचे राहिले होते.
बाद्री नको नको म्हणाला.
तिनं त्याची मूठ उघडली, नाणं ठेवलं,
मूठ मिटली,
आणि तशीच उलटी धावली.
भट्टीत पाव होते.